पदवीनंतरचा उंबरठा

उन्हाळ्याची सुटी संपत आली, की आपल्या भागात सत्कारांचे दिवस सुरू होतात. दहावीच्या आणि पी.यू.सी.च्या परीक्षेत चमकलेल्या मुलामुलींना मंडळांच्या, पतसंस्थांच्या आणि ज्ञातिसंस्थांच्या व्यासपीठांवर बोलावले जाते. नारळ, शाल आणि एखादे पुस्तक त्यांच्या हाती दिले जाते, आणि अध्यक्ष महाशय ‘तुमच्यातूनच उद्याचे शास्त्रज्ञ निर्माण होणार आहेत’ असे सांगून टाळ्या घेतात. या सोहळ्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. कौतुकाने मूल वाढते. परंतु चार-पाच वर्षांनी त्याच मुलांची चौकशी करावी, असे आपल्यापैकी किती जणांना वाटते? त्यांतली एखादी मुलगी बी.एस्सी. होऊन खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवीत असते, एखादा मुलगा उद्यमबागेतील कारखान्यात पाळीवर जात असतो. ही कामे हलकी नव्हेत. मात्र ज्यांच्या अंगी संशोधनाची कुवत होती, तेही उच्च विज्ञानशिक्षणाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले नाहीत, ही खंत उरतेच. कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असते : ‘त्यांची तेवढी तयारी नव्हती.’

वाचक भगिनी-बंधूंनो, ‘तयारी’ या शब्दाचाच आज थोडा विचार करू. आपण तो असा वापरतो, जणू तयारी ही उंचीसारखी किंवा डोळ्यांच्या रंगासारखी उपजत गोष्ट आहे. ज्यांच्या घरी ग्रंथ होते त्यांच्यापाशी ती असते, विड्या वळणाऱ्या किंवा जरद्याच्या कारखान्यात राबणाऱ्या आईच्या मुलीपाशी ती नसते, आणि त्याला कोणाचा इलाज नाही, असा त्याचा गर्भितार्थ असतो. तो खरा असता, तर हे लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते.

एका गाजलेल्या उदाहरणापासून आरंभ करू. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते साक्षात सर सी. व्ही. रामन. स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. अखेर एक वर्ष त्यांनी नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, तर परीक्षाधीन म्हणून काम करावे, या अटीवर त्यांना आत घेण्यात आले. त्या वर्षाने रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर त्यांनी काम केले आणि १९३९ साली त्या डॉक्टरेट झाल्या.

ही कथा आपण धैर्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यातील एक तपशील सहसा वगळला जातो. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघेही त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले होते. ज्या इमारतीच्या दारात त्या अडवल्या गेल्या, ती इमारत त्यांच्या घरातल्या बोलण्यात लहानपणापासून होती. तेथे काय चालते, तेथल्या माणसांशी कसे बोलावे, नकार मिळाला तर तो अंतिम मानायचा की नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. म्हणून नकार आला तेव्हा त्या लढू शकल्या. निपाणीच्या किंवा खानापूरच्या एखाद्या मुलीला असा काका नसतो. तिला नकाराचे पत्रही येत नाही, कारण तिने अर्जच केलेला नसतो. अर्ज करावयाचा असतो हेच तिच्या कानांवर आलेले नसते. तयारीचा एक मोठा भाग बुद्धीत नसून अशा घरगुती माहितीत असतो, आणि ज्यांच्या घरी ती नाही त्यांना ती बाहेरून पुरवावी लागते.

ही गोष्ट आपल्या शेजारच्या एका राजाने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले ते १९०१ साली, आणि मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला तो १९०२ साली. आधी वसतिगृह, मग राखीव जागा, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मुलाला जागा द्यावयाची, तर त्या जागेपर्यंत चालत येण्याचे बळही द्यावयास हवे, हे महाराजांना कळले होते. निपाणीने १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत भरलेली बहिष्कृत वर्गाची परिषद पाहिली आहे, आणि पुढे धारवाडला त्यांच्याच प्रेरणेने दलित विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहिले. म्हणजे हा विचार आपल्या मातीला नवखा नाही. आपण तो शाळेपाशी आणून थांबवला, एवढेच.

आता आपल्या भागातील विद्यार्थ्याची वाट जरा जवळून पाहू. दहावीपर्यंत तो मराठीतून विज्ञान शिकतो. जडत्व, त्वरण, संयुजा, प्रकाशसंश्लेषण हे शब्द त्याच्या जिभेवर रुळलेले असतात. पी.यू.सी.च्या पहिल्या दिवशी हे सारे धन एकाएकी चलनातून बाद होते. वर्गात इनर्शिया, ॲक्सिलरेशन, व्हॅलन्सी यांचा गजर सुरू होतो, आणि काल वर्गात पहिला हात वर करणारा मुलगा आज मागच्या बाकावर जाऊन बसतो. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि प्रयोगशाळेत इंग्रजी, अशा तीन भाषा तो रोज हाताळतो. खरे पाहता ही केवढी संपत्ती! परंतु तिचा हिशेब कोणी मांडीत नाही. त्याच्या इंग्रजीतील चुका तेवढ्या मोजल्या जातात.

यात एक बारकावा आहे. शास्त्रीय संज्ञांची भीती वाटते खरी, पण त्या मोजक्या असतात आणि पाठ होतात. विद्यार्थ्याला खरोखर अडवतात ते लहान लहान शब्द : अनलेस, ॲट मोस्ट, रिस्पेक्टिव्हली, विथ रिस्पेक्ट टू. प्रश्नाचा सारा तर्क या जोडशब्दांत दडलेला असतो, आणि ते कोणत्याच शास्त्राच्या तासाला शिकवले जात नाहीत. ‘जास्तीत जास्त तीन’ आणि ‘निदान तीन’ यांतला फरक ज्याला मराठीत झोपेतही सांगता येतो, तो इंग्रजी प्रश्नपत्रिकेत गुण गमावतो आणि आपले गणित कच्चे आहे असे समजून बसतो.

भाषेच्या या अडथळ्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने फार पूर्वी लक्ष दिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाखाली १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राने, डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली, १९८०च्या सुमारास मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांसाठी एक उपक्रम हाती घेतला. झोपडवस्त्यांतून येणारी ही मुले आठवीपासून दहावीपर्यंत नियमाने केंद्रात येत. त्यांना तेथे घोकंपट्टी करावयास लावले नाही. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा सोपी करून देणे, हाताने प्रयोग करावयास लावणे आणि न भिता प्रश्न विचारण्याची सवय लावणे यांवर भर दिला. ही मुले शालान्त परीक्षेत अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली. त्यांच्यात गुण नव्हते असे नाही. भाषेच्या आणि संकोचाच्या थराखाली ते दबले होते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष सीमाभागातील प्रत्येक मराठी शिक्षकाने मनाशी बाळगण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण दूरचे, अमेरिकेतले आहे, पण आपल्या कॉलेजांना ते अगदी चपखल लागू पडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात उरी ट्राइसमन नावाच्या तरुण गणितज्ञाला एक कोडे पडले. कलनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी चमकत. प्राध्यापकांची कारणे तयार होती : आस्था कमी, पाया कच्चा, घरातून उत्तेजन नाही. ट्राइसमनने या मुलांच्या खोल्यांवर जाऊन ती अभ्यास कशी करतात हे पाहिले. एकही कारण टिकले नाही. कृष्णवर्णीय मुले कष्टाळू होती, पण प्रत्येक जण एकेकटा अभ्यास करीत होता. अडले तर ते आपल्यालाच अडले, असे प्रत्येकाला वाटे. चिनी मुले दिवसभराचा अभ्यास संपवून एकत्र बसत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत. ट्राइसमनने मग कच्च्या मुलांचा वर्ग काढला नाही. नेहमीपेक्षा कठीण गणिते देऊन ती गटाने सोडवण्याचा वर्ग काढला, आणि नापास होणारी मुलेच पुढे येऊ लागली.

आपल्याकडे हे तत्त्व समजावून सांगण्यास बर्कलीपर्यंत जाण्याची तरी काय गरज? बेळगाव-कोल्हापूरच्या तालमीत एकटा पैलवान कधी तयार झाला आहे काय? जोर-बैठका घरी काढता येतात, पण डाव शिकावयाचा तर समोर जोडीदार हवा आणि बाजूला वस्ताद हवा. वस्तादही शिष्याला त्याच्याहून हलक्या गड्याशीच लढवत ठेवीत नाही. विज्ञानाचेही तसेच आहे. मात्र आमच्या महाविद्यालयीन मुली शेवटची बस चुकू नये म्हणून प्रयोगशाळेतून धावतपळत निघतात, आणि घरी पोहोचल्यावर पाणी भरणे आणि भाकऱ्या थापणे हेच त्यांचे जोडीदार असतात. चार मुलींना आठवड्यातून एक दुपार एका वाचनालयाच्या खोलीत एकत्र बसवणे, ही एवढीशी व्यवस्थाही त्यांच्या आयुष्याला वळण देऊ शकेल.

तिसरा धडा ट्रॉम्बेचा. डॉ. होमी भाभांनी १९५७ साली तेथे प्रशिक्षणशाळा सुरू केली. देशात अणुशास्त्रज्ञ तयार मिळत नाहीत, अशी तक्रार करीत ते बसले नाहीत. पदवीधर तरुण घ्यावेत, त्यांना वर्षभर विद्यावेतन द्यावे आणि कामासाठी तयार करावे, अशी योजना त्यांनी आखली. त्याच शाळेतून गेलेले एक नाव आपल्या अगदी उशालगतचे आहे. निपाणीला लागून असलेल्या कागल तालुक्यातील कसबा सांगाव येथे, शेतकरी कुटुंबात, १९४२ साली जन्मलेले शिवराम भोजे गावच्या शाळेत शिकले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, ट्रॉम्बेला गेले आणि पुढे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. २००३ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. त्यांच्या बुद्धीचे श्रेय त्यांचेच; परंतु त्या बुद्धीला एक वर्षाचा पूल बांधून देणारी संस्था वाटेत भेटली, हेही तितकेच खरे.

असा पूल आज आपल्या मुलांना कोठे मिळेल? येथे सीमेचा प्रश्न आडवा येतो, आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलणे बरे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपासून आपला प्रश्न अनिर्णित आहे. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. तो त्याच्या गतीने चालेल, पण मुलाचे वय त्याच्यासाठी थांबत नाही. निपाणीची पुष्कळ मुले देवचंद महाविद्यालयात शिकतात. गाव कर्नाटकात, तर अर्जुननगरचे हे महाविद्यालय महाराष्ट्रात आणि शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले. अशा विद्यार्थ्याची पदवी एका राज्याची आणि रहिवासाचा दाखला दुसऱ्याचा. राज्यांच्या शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा यांचे नियम, तसेच जातींच्या याद्याही राज्यागणिक वेगळ्या. या कागदांच्या फेऱ्यात अनेकांचा उत्साह विरून जातो.

परंतु राष्ट्रीय संस्थांच्या दारात ही रेषा पुसट होते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. बंगळूरची विज्ञान संस्था, पुण्याची आयसर, धारवाडची आय.आय.टी. यांना विद्यार्थी बेळगावचा की कोल्हापूरचा याच्याशी कर्तव्य नसते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देता येते. तिचे अर्ज पावसाळा सरता सरता निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. तिच्याच आधारे बंगळूरला पदवीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएच.डी.लाही प्रवेश मिळू शकतो. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी केंद्रीय नमुन्यातील दाखला वेळेवर काढून ठेवावा. इतर मागासवर्गीयांसाठी राज्याची यादी निराळी आणि केंद्राची निराळी, आणि क्रीमी लेयरमध्ये नसल्याचा दाखला ताजा असावा लागतो. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या वतीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करण्यासाठी विद्यावेतन मिळते. ज्याच्या घरी ‘काका’ नाही, त्याला तेथे काका भेटतो. प्रयोगशाळेचा वास, तिथली बोली, अपयशाची सवय आणि पुढे शिफारसपत्र लिहू शकणारा एक माणूस, हे सारे त्या दोन महिन्यांत पदरात पडते.

आणखी एक गैरसमज घराघरांतून काढून टाकावयास हवा. ‘पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षे खर्च’ असे आईवडील धरून चालतात. वस्तुस्थिती बहुधा उलटी आहे. राष्ट्रीय पातळीवरील नेट परीक्षेतून जे.आर.एफ. मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता निराळा. मुलगी शिकते आहे आणि घरीही चार पैसे पाठवू शकते, हे समजले, तर तिच्यासाठी स्थळे पाहण्याची घाई दोन-तीन वर्षे पुढे ढकलण्यास कदाचित आजीच पहिली तयार होईल. निपाणीच्या ज्या तंबाखू-कामगार स्त्रिया १९८०च्या सुमारास संघटित होऊन आपल्या मजुरीसाठी उभ्या राहिल्या, त्यांच्या नाती आज महाविद्यालयांत आहेत. हिशेब मांडून दाखवला, तर त्या आज्यांना तो समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

शेवटी, विद्यार्थ्यांना स्वतःला काय करता येईल, तेही सांगतो. पहिल्या वर्षापासून एक दुपानी वही ठेवावी. डाव्या पानावर मराठीत कल्पना, उजव्या पानावर इंग्रजीत तीच कल्पना, आणि खाली ते फसवे लहान शब्द. दुसरे, ज्याचे उत्तर आधीपासून ठाऊक नाही असा एक तरी प्रयोग पदवीपूर्वी करावा. कॉलेजच्या जर्नलमध्ये अपेक्षित उत्तर आधीच असते, म्हणून तेथे शोध नसतो. मात्र ज्या अनुमापनाने तुम्ही प्रयोगशाळेत पाण्याचा दुष्फेनपणा काढता, त्याच रीतीने आपल्या गावातील दहा विहिरींचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासा. वेदगंगेच्या काठच्या विहिरी आणि माळावरच्या विहिरी यांत काही फरक पडतो काय, ते पाहा. उत्तर कोठेही छापलेले नसेल. तुम्ही घेतलेले ते आकडे घेऊन एखाद्या प्राध्यापकाला पत्र लिहिलेत, तर ते पत्र वाचले जाण्याचा संभव पुष्कळ वाढेल. तिसरे, एकट्याने अभ्यास करू नका.

आणि आपण वडीलधाऱ्यांनी? आपल्या गावात संशोधनाच्या वाटेने गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. गणेशोत्सवाला ती गावी येते तेव्हा सत्कार जरूर करावा, पण शालीबरोबर तिच्याकडून दोन तास मागून घ्यावेत आणि बी.एस्सी.ची मुले तिच्यासमोर बसवावीत. अर्जांच्या तारखांचा एक कागद वाचनालयाच्या फळ्यावर दर पावसाळ्यात लावावा. एका विद्यार्थ्याच्या परीक्षेची फी आणि परीक्षाकेंद्रापर्यंतचा प्रवासखर्च मंडळाच्या वर्गणीतून बाजूला काढावा. यांतले एकही काम सरकारी हुकमाची किंवा न्यायालयाच्या निकालाची वाट पाहणारे नाही. या वर्षीच्या अर्जांची मुदत संपण्याआधी आपल्या गल्लीतील कोणता मुलगा, कोणती मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात आहे, एवढी विचारपूस तरी प्रत्येक वाचकाने करावी, ही विनंती.